काचेची गोष्ट: सरस्वतीबाईंपासून आपल्या गटापर्यंत

आम्ही येडगावहून बोलतोय. आज कर्जाच्या हप्त्याचं नाही, पापड-मसाल्याचंही नाही. आज एका काचेची गोष्ट सांगायची आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी जी गोल काच असते, जिला लेन्स म्हणतात, तिची.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. प्रदर्शनात गाळा मिळवायचा तर आधी मालाचे फोटो द्यावे लागतात, म्हणून आमच्या गटानं एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. पावसाळ्यात त्याचं काही काम नव्हतं. मग तो कातडी पिशवीत घातला, वरून प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली आणि हजेरीच्या वह्यांखाली कपाटात ठेवून दिला. किती जपून ठेवलाय, असं आम्हालाच वाटत होतं. गौरी-गणपतीत बाहेर काढला, गटाचे फोटो काढले, तर प्रत्येक फोटोवर धुकं. लेन्समध्ये बॅटरी मारून पाहिलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! लोणच्याला येते तशी काचेलाही येते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मालाचे फोटो परत काढता आले. पण त्या दिवशीच्या फोटोत आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर आजी होत्या. पुढच्या थंडीत त्या गेल्या. गटासोबतचा त्यांचा शेवटचा फोटो तोच, धुक्यातला. ते मनाला लागलं. म्हणून या काचेची माहिती काढायला बसलो, आणि ती काढता काढता इतिहासात शिरलो.

साहेबाची काच मुंबईत आली

१८३९ साली फ्रान्समध्ये डागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. एल्फिन्स्टन संस्थेत फोटो काढायचं शिक्षण सुरू झालं. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी, ही त्या वेळच्या आपल्या छायाचित्रकारांतली नावं.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे कारखानाच. काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचं, ते ओलं असेतोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. समोरच्या माणसाला कितीतरी सेकंद हलायची मनाई. जुन्या फोटोंत माणसं काठी गिळल्यासारखी ताठ दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बसण्याचा हा वेळ कमी केला तो लेन्सनं. १८४० साली व्हिएन्नाच्या पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं माणसांच्या फोटोसाठी खास लेन्सची रचना केली. ती आधीच्या लेन्सपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उजेड आत घ्यायची. आपल्याला हे कालव्यावरून लगेच कळेल. दार जितकं उघडं, तितकं पाणी जास्त आणि वाफा लवकर भरतो. लेन्सलाही असं दार असतं. त्याचा आकडा लेन्सवर लिहिलेला असतो, पण तो उलटा चालतो. १.८ म्हणजे दार बरंच उघडतं, ५.६ म्हणजे कमी उघडतं. घरात, संध्याकाळी, कमी उजेडात फोटो काढायचे असतील तर लहान आकड्याची लेन्स बरी.

त्या काळात कॅमेऱ्यासमोर बसायचे ते साहेब, राजे, सरदार, शेठ. परक्या पुरुषासमोर तोंड उघडं करून बसायचं कसं, हा बायकांपुढचा प्रश्न. शिवाय फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही भीती होतीच. १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे दिला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. पण तिथे जाणार त्या बड्या घरच्या. शेतात राबणाऱ्या बाईचा, तिच्या नावानिशी काढलेला त्या काळातला फोटो शोधून पाहा, सापडणं अवघड आहे.

सरस्वतीबाईंचे हात

दादासाहेब फाळके आपल्याला माहीत आहेत. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ, पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी. १९१२ साली ते विलायतेला गेले. तिथे त्यांनी आधी चित्रपट कसा बनवतात ते डोळ्यांनी पाहिलं, जाणकारांना विचारलं आणि मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. पैसा कुठून आला? विमा गहाण पडला, आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

कॅमेरा हातात आला म्हणून दादासाहेबांनी लगेच मोठं काम काढलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. ती छोटी फिल्म पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. नवी वस्तू आली की आधी घरच्या घरी, बिनखर्चाची चाचणी करून पाहायची, हा धडा आम्ही तिथून घेतला.

आणि सरस्वतीबाई? त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडून घ्यावी लागत. अंधाऱ्या खोलीत बसून ते काम त्या करत. रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं त्या शिकल्या. चित्रण चालू असताना माणसांच्या चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून भर उन्हात पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. आणि हे सगळं साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळून. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. दादासाहेबांचं नाव घराघरात गेलं. सरस्वतीबाईंचं नाव कळायला मात्र लोकांना फार वर्षं लागली.

पांढऱ्या चादरीची ती युक्ती आजही तितकीच चालते. मसाल्याच्या पुड्यांचा फोटो काढताना खिडकीचा उजेड एका बाजूनं घ्या आणि दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर किंवा पुठ्ठा धरा. काळी सावली निघून जाते. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

होमाईंनी काच स्वतः धरली

आता जरा पुढे येऊ. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. त्या मुंबईत शिकल्या, जे. जे. कला शाळेतही गेल्या, आणि कॅमेरा चालवायला शिकल्या माणेकशॉ यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले, पण नवऱ्याच्या नावानं. काम बाईचं आणि नाव पुरुषाचं, हे इथेही सुटलं नाही. पण होमाई थांबल्या नाहीत. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवर हिंडल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हाचे सोहळे आणि गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्यांच्या वेळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो नीट आलाय का ते जागेवर कळायचं नाही. आपल्याला लगेच दिसतं. मग आपण घाबरायचं कशाला?

कोणती लेन्स घ्यायची?

लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा लहान, तर समोरचं जास्त रुंद दिसतं. आकडा मोठा, तर लांबचं जवळ येतं. साध्या डिजिटल कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८ ते ५५ ची लेन्स मिळते. गटाच्या कामाला ती पुरते. १८ वर ठेवली की लहान खोलीतली अख्खी बैठक मावते, ५५ वर पापडाचं पाकीट चांगलं येतं. पुढे पैसे जमले तर ५० मिलिमीटर, १.८ ची लेन्स घ्या. ती इतरांच्या मानानं स्वस्त असते आणि कमी उजेडात फार कामाची. २०० च्या पुढची लांब लेन्स पक्ष्यांसाठी किंवा बिबट्यासाठी. आपल्या जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत हे खरं, पण त्यांचा फोटो काढायला गटानं कर्ज काढायची गरज नाही.

आपल्या कॅमेऱ्याला बसेल अशीच लेन्स लागते. एका कंपनीची दुसरीला सहसा बसत नाही, म्हणून दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या. जुनी लेन्स घेणार असाल तर आमच्यासारखं फसू नका. एका बाजूनं बॅटरी मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. आत जाळं, धुकं किंवा तेलाचा डाग दिसला तर सोडून द्या. कड्या फिरवून पाहा, वाळू अडकल्यासारखी खरखर नको. बाहेरच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर फारसं बिघडत नाही, आतली बुरशी मात्र बिघडवते.

गिरवलीच्या डोंगरावरून

आपल्याजवळच गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची मोठी दुर्बीण आहे, २००६ पासून. तिच्यात दोन मीटर व्यासाचा आरसा आहे. ताऱ्यांचा उजेड गोळा करणारा हा आपल्या भागातला सर्वांत मोठा डोळा. पावसाळ्यात तिथलं निरीक्षण बंद असतं, एक तर ढग आणि दुसरं म्हणजे दमट हवा. एवढी मोठी संस्था ओल सांभाळून राहते, आणि आम्ही धरणाच्या काठी राहून लेन्स कातडी पिशवीत कोंडून ठेवली होती!

कातडं ओल धरतं. बंद, काळोखी, दमट जागा म्हणजे बुरशीचं माहेर. आता आम्ही असं करतो. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घेतला. त्यात सिलिका जेलचे केशरी खडे सुती पुरचुंडीत ठेवले. ओल पिऊन खडे हिरवे झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा केशरी होईपर्यंत तापवतो. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाही. डब्यात ओल मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय, त्याचा काटा ४० ते ५० च्या मध्ये असावा. तांदळात लेन्स ठेवू नका, पीठ आत शिरतं. आणि काम असो-नसो, पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा.

काच पुसायला पदर नको, राख नको, तोंडाची वाफ नको. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी चष्म्याच्या मऊ कापडावर लेन्सच्या औषधाचा एक थेंब घेऊन मधून बाहेर गोल पुसा. थेंब काचेवर टाकायचा नाही, तो कडेनं आत उतरतो. मोबाइलची काचही अशीच. फोटो धुरकट आला की आधी ती पुसा, पिठाचं बोट लागलेलं असतं.

बिघडलं तर?

सगळेच फोटो धुरकट आले तर बाहेरून पुसा. तरी गेलं नाही तर बॅटरीनं आत पाहा. बुरशी कोवळी असेल तर जाणकार कारागीर लेन्स उघडून साफ करतो. जुनी झाली की काचेवरचा लेप खाते, मग उपाय नाही.

प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका येत असेल, तर बहुधा तो लेन्सचा दोष नाही. धूळ कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर आहे. तिथे बोट घालू नका, कारागिराकडे न्या.

लेन्स घरघर करते पण चित्र स्पष्ट होत नाही, तर बाजूचं बटण पाहा, ते चुकून हाताच्या फोकसवर गेलेलं असतं. किंवा तुम्ही फार जवळ गेलात, किंवा उजेड कमी आहे. तरी नाही जमलं तर कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, मागचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि परत बसवा.

थंडगार गाडीतून दमट हवेत उतरल्यावर काचेवर दव धरतं. पुसत बसू नका. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, दव येणारच नाही. आणि उन्हाळ्यात सूर्याकडे लेन्स रोखून धरू नका. भिंगानं कागद जाळता येतो, तसंच कॅमेऱ्याच्या आत होतं.

मैत्रिणींनो, आमच्या आजींचा फोटो आता स्वच्छ होणार नाही. पण आम्ही एक नियम केलाय. गटात कॅमेरा पाळीपाळीनं एकेकीनं चालवायचा, आणि प्रत्येक फोटोसोबत वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, फोटोतल्या बायकांची नावं, आणि फोटो कुणी काढला तिचं नाव. सरस्वतीबाईंच्या वेळी असं कुणी लिहून ठेवलं नाही. आपण ठेवू. पुढच्या बैठकीला तुमच्या गटातही बॅटरी घेऊन बसा आणि आपापल्या काचेत एकदा डोकावून बघा. नमस्कार.