पॅच मारला, पण बग दुसरीकडेच होता

आजची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या हायवे पुलांची.

९ फेब्रुवारी १९७१. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडोचा भूकंप झाला आणि नवेकोरे पूल कोसळले. काहींचं तर बांधकामही पूर्ण झालं नव्हतं. तपासात दोन मोठे दोष दिसले. एक म्हणजे पुलाचे गाळे सांध्यावर नुसते टेकलेले होते. जमीन हलली की टेकू सुटून गाळा खाली. दुसरा दोष खांबात. उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या आडव्या रिंगा फूट-फूट अंतरावर होत्या. खांब जोरात डोलला की रिंगा उघडतात, सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन सांडतं.

नव्या पुलांसाठी नियम बदलले, रिंगा जवळजवळ आल्या. पण जुन्यांचं काय? तिथे आधी स्वस्तातला उपाय उचलला: गाळे स्टीलच्या केबलने एकमेकांना बांधायचे. असे सुमारे १,२५० पूल बांधायला १९८९ उजाडलं. आणि खांब? आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ते तिकीट बॅकलॉगमध्ये पडून राहिलं.

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे ५ वाजून ४ मिनिटं. ओकलंडचा सायप्रस व्हायाडक्ट, १९५७ चा, दुमजली. त्याला १९७७ मध्ये केबल बसवून झाल्या होत्या! पण खाली खाडीचा मऊ गाळ, त्यात हादरा वाढला. वरच्या मजल्याचे खांब जिथे खालच्या मजल्याला जोडले होते, तिथेच ते फुटले. वरचा रस्ता खालच्या रस्त्यावर बसला. ४२ माणसं गेली. त्या संध्याकाळी बेसबॉलची वर्ल्ड सिरीज होती, दोन्ही संघ तिथलेच, लोक लवकर घरी गेले होते. म्हणून आकडा ४२ वर थांबला. नेहमीची गर्दी असती तर... विचारही नको.

मग चौकशी समिती बसली, पैसा आला. खांबांना बाहेरून स्टीलचं जॅकेट चढवायचं, मधल्या फटीत ग्राउट भरायचं. सॅन दिएगोच्या विद्यापीठात मोठमोठे नमुना-खांब हलवून, मोडून हे तपासलं होतं.

१७ जानेवारी १९९४, पहाटे ४:३१, नॉर्थरिज. सात पूल पडले. १९८९ नंतर मजबूत केलेला त्यात एकही नव्हता. पडलेल्यांपैकी पाच मात्र दुरुस्तीच्या यादीत होते, नंबर यायचा होता. १९७१ मध्ये जिथे पूल पडले होते, त्याच इंटरचेंजवर पुन्हा रस्ता तुटला. अंधारात मोटरसायकलवरून येणाऱ्या एका पोलिसाला पुढे रस्ताच नाही हे दिसलं नाही.