पदकांतील धातू

रेणापुरासारख्या गावच्या जत्रेत मल्लास चांदीचे कडे मिळाले, तर ते सराफाकडून पारखून घेता येते. ऑलिंपिकच्या सुवर्णपदकास मात्र कसोटीचा दगड न लावलेलाच बरा! निखळ सोन्याची पदके शेवटची वाटली गेली ती १९१२ साली, स्टॉकहोम येथे. पुढे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, हाच परिपाठ पडला. २०२४ च्या पॅरिस येथील सुवर्णपदकाचे वजन ५२९ ग्रॅम. त्यात सोने अवघे ६ ग्रॅम. रौप्यपदक त्या मानाने सचोटीचे.

आम्हांस कुतूहल आहे ते कांस्यपदकाचे. कारण महाराष्ट्राच्या वाट्यास आलेली वैयक्तिक ऑलिंपिक पदके कांस्याचीच. १९५२ साली हेलसिंकीस गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस कुस्तीत, आणि २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांस नेमबाजीत ते लाभले. कांसे म्हणजे तांबे व कथील, हे जुन्या थाळ्या जपणाऱ्या गृहिणींस सांगावयास नको. परंतु पॅरिसच्या कांस्यपदकात सुमारे ४१५ ग्रॅम तांबे, २२ ग्रॅम जस्त आणि मध्यभागी १८ ग्रॅम लोखंड. कथलाचा पत्ताच नाही. आमचा कासार या मिश्रणास पितळेच्या गोतातच बसवील! लोखंड तेवढे कुलीन: आयफेल मनोऱ्याच्या डागडुजीत निघालेले.

खाशाबांस हेलसिंकीस जाण्यापुरते पैसे जमेनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले. ते पदक मोडीत घातले असते, तर त्या रकमेचे व्याजही सुटले नसते.