सुटीतले पुस्तक

नववीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच दहावीची 'व्हेकेशन बॅच' सुरू होते. व्हेकेशन म्हणजे सुटी. पण आपल्या शिकवणीवर्गांनी त्या शब्दाचा अर्थ नेमका उलटा करून टाकला आहे. त्यातूनही जे चार आठवडे हाती उरतात त्यांत मुलांनी मोबाईल खाली ठेवून 'काहीतरी चांगले' वाचावे अशी पालकांची इच्छा असते, आणि मग एप्रिलअखेरीस आमच्याकडे यादीची मागणी येते. धर्मग्रामातील एक लहानसे वाचनालय काही वर्षे आम्ही सांभाळले, त्याचा हा परिणाम. यादी आम्ही नियमाने देत आलो. थोरांची चरित्रे, दोन-तीन संतचरित्रे, काही निवडक कादंबऱ्या. याद्या वाईट होत्या असे आजही वाटत नाही. मात्र जूनमध्ये पुस्तके परत येत तेव्हा खुणेची कागदी पट्टी बहुधा दहाव्या-बाराव्या पानावरच विसावलेली असे.

एका वर्षी असे पुस्तक परत करणाऱ्या एका मुलाला आम्ही सहज विचारले, "अरे, मग तुला वाचायचे तरी काय आहे?" तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "आमच्या विहिरीचे पाणी खारट का होत चाललंय, ते कुठे लिहिलेलं असतं का?" आमच्या तिन्ही कपाटांत तसे एकही पुस्तक नव्हते. इतकी वर्षे हा प्रश्न आपण कोणालाच कसा विचारला नाही, या विचाराने आम्ही खजील झालो. वाचनाचा इतिहास या दृष्टीने आम्ही पुन्हा चाळू लागलो तो तेव्हापासून.

प्रश्न अर्थातच जुना आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी 'कन्फेशन्स' या आत्मकथनात आपल्या शाळेविषयी लिहिले आहे. ग्रीक भाषा त्यांना छडीच्या धाकाने शिकवली गेली आणि तिचा त्यांनी तिटकारा केला. लॅटिन मात्र दायांच्या लाडातून, खेळता-हसता, आपोआप आली. यावरून ते असा निष्कर्ष काढतात की भाषा शिकण्यात धाकापेक्षा मोकळ्या जिज्ञासेचे बळ अधिक असते. हेच ऑगस्टीन त्याच ग्रंथात पुढे, निव्वळ पाहण्या-जाणण्याच्या हव्यासाला मोहांमध्ये गणतात, हेही येथे सांगितले पाहिजे. आणखी एक गोष्ट आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी आहे. एकोणिसाव्या वर्षी ज्या पुस्तकाने त्यांना सत्याच्या शोधाला लावले ते सिसेरोचे 'हॉर्टेन्सियस' त्यांना नेमलेल्या अभ्यासक्रमातच भेटले होते. तेव्हा नेमलेली सर्वच पुस्तके निष्फळ असतात असे म्हणण्याचा आमचा इरादा नाही.

यादीचे समर्थक संत इग्नेशियस लोयोला यांचेही उदाहरण देतात. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी लोयोलाला अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते लुडोल्फ या कार्थुसियन संन्याशाचे ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रांचा एक ग्रंथ. तेच त्यांना दिले गेले आणि पुढे येशूसंघ उभा राहिला. पाहा, चांगली पुस्तके हाती दिली की काय घडते, असे आम्हाला सांगण्यात येते. परंतु ती पुस्तके कोणी विचारपूर्वक निवडलेली नव्हती. घरात दुसरे काही नव्हतेच. त्यावर कोणी प्रश्न विचारणार नव्हते, सारांश लिहून मागणार नव्हते. इग्नेशियस वाचता वाचता थांबत आणि स्वतःचे मन न्याहाळत. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची कल्पना केली की समाधान नंतरही टिके. हा फरक त्यांचा त्यांनीच टिपला. पुढे आवडलेल्या भागांची सुमारे ३०० पानांची वही त्यांनी हौसेने उतरून काढली. प्रभूची वचने तांबड्या शाईत, मातेची निळ्या शाईत. असली वही कोणत्याही गृहपाठातून निर्माण होत नाही.

पालकांची खरी भीती निराळी आहे. मोकळीक दिली आणि मुलाने भलतेच वाचले तर? त्यांच्या बाजूची साक्षीदार म्हणून आविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) हिला उभे करता येईल. तिच्या आईला शौर्यकथांचे वेड होते. वडिलांना ते खपत नसे. माय-लेकी त्यांच्या नकळत वाचत. तेरेजा तर रात्रंदिवस वाची, आणि नवे पुस्तक हाती नसले की तिला चैन पडत नसे. आत्मचरित्रात तिने या वाचनाने आपली हानी झाली असेच नमूद केले आहे. तिचा शब्द आम्ही खोटा पाडणार नाही. पण वाचनाची ती भूक मात्र तिला सोडून गेली नाही. आजारपणाच्या काळात तिने संत जेरोमची पत्रे वाचली. काकांनी ओसुना यांचे प्रार्थनेवरील पुस्तक दिले, तेव्हा तिने ते आपला गुरूच मानले. १५५९ साली स्पेनचे धर्मन्यायाधीश वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची काढून लोकभाषेतील अनेक धार्मिक पुस्तकांवरही बंदी घातली, त्या वेळी आपली आवडती पुस्तके गेल्याचे तिला अतोनात दुःख झाले. याद्या काय वाचावे हे सांगणाऱ्या असतात तशा काय वाचू नये हे सांगणाऱ्याही असतात. रोमची निषिद्ध ग्रंथसूचीही त्याच १५५९ मधली. तिचे कायद्याचे बंधन १९६६ मध्ये संपले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७० साली, तेरेजाला ख्रिस्तसभेची 'आचार्या' ही पदवी मिळाली. कोणा स्त्रीला ती प्रथमच मिळत होती.

स्पेनमधून आता आपल्या मुंबईत येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन बसत असे. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. वाचायला निवांत जागा तिथे कुठली? विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर त्याच बागेत जात. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हे, तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा. तरी त्यांनी त्याला रोज पाहिले, एके दिवशी विचारपूस केली आणि आपल्याकडची पुस्तके त्याला देऊ लागले. भीमराव आंबेडकर हा तो विद्यार्थी. वडील रामजी सकपाळ यांना वाटे की मुलाने अभ्यासाच्या पुस्तकांकडे अधिक लक्ष द्यावे. पण तो मागेल ते पुस्तक आणण्यासाठी ते लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत.

पुढे परीक्षेतील यशाबद्दल भीमरावांच्या सत्काराची सभा भरली, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले 'गौतम बुद्धाचे चरित्र' (१८९८) त्यांना भेट दिले. वडील घरी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे नवे पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की आम्हाला बुद्धाची ओळख का करून दिली नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले त्याच्या वाटेवर हे पुस्तक आहे. बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते स्वतःच सांगितले आहे.

आम्हाला येथे केळूसकर फार मोठे वाटतात. त्यांनी यादी केली नाही. आधी पाहिले, मग विचारले, आणि त्यानंतर पुस्तक दिले.

दुसरी हकिगत गोव्याची आहे आणि आपण ख्रिस्ती वाचकांनी ती मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांचे (जन्म १८७६) शालेय शिक्षण जेमतेमच. घरच्या नारळाच्या बागेची देखभाल करावी आणि मिळेल ते मराठी वाचावे असा त्यांचा क्रम. 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक त्यांच्या हाती आले. ते मिशनरी मंडळींचे. पण त्यात त्यांना बुद्धाचे चरित्र सापडले आणि त्यांचे चित्त तेथेच जडले. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करीत ते श्रीलंकेत पोहोचले, पाली शिकले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी त्यांना बोलावले. 'बालबोधमेवा'च्या संपादकांच्या मनात असे काही घडावे हे खासच नसणार! तरीही त्यांनी ते चरित्र छापले, आणि एक वाचक त्यातून आपल्या वाटेने निघून गेला. वाचनालय चालवणाऱ्याने एवढी जोखीम पत्करायलाच हवी, असे आमचे मत आहे.

त्या मुलाची हकिगत राहिली. भूजलावरचे एक पुस्तक आम्ही शहरातून मागवले. ते कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलेले, आकृत्यांनी भरलेले आणि रुक्ष. हे याला पेलणार नाही, असेच आम्हाला वाटले. त्याने ते सुटी संपेपर्यंत ठेवले, दोनदा मुदत वाढवून घेतली. परत आणले तेव्हा सांगितले की पहिली चार प्रकरणे सोडून दिली, पण समुद्राचे पाणी जमिनीखालून आत शिरते तो भाग वाचला आणि घरात वडिलांना आकृती काढून दाखवली. पाण्याचा उपसा जास्त झाला की गोड्या पाण्याचा दाब कमी होतो आणि खारे पाणी पुढे सरकते, हे त्याने आम्हालाही टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावले. जाताना त्याने विचारले, "सर, पाऊस किती पडतो ते कसं मोजतात?"

यंदा आम्ही यादी काढलेली नाही. कपाटे उघडी आहेत, आणि शेजारी एक वही ठेवली आहे. तीत मुलांनी पुस्तकाचे नाव नव्हे, आपला प्रश्न लिहायचा आहे.