साडेतीन केल्विनचा प्रश्न आणि जयंत नारळीकर

थ्रेड 🧵

१/ नागपूरच्या हुडकेश्वर भागातील एखाद्या गच्चीवर अँटेना उभारला काय किंवा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या टेकडीवर उभारला काय, आकाशाच्या प्रत्येक दिशेने एक मंद सूक्ष्मलहरी प्रारण सारख्याच तीव्रतेने येत असते. जुन्या टीव्हीवर केंद्र लागले नाही की पडद्यावर 'मुंग्या' दिसत. त्यांतही या प्रारणाचा अल्पसा वाटा असे. ते प्रथम मोजले गेले, तेव्हा कोल्हापुरात जन्मलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाचे विश्वचित्र संकटात सापडले. ही त्या मोजमापाची आणि त्या शास्त्रज्ञाची कथा.

२/ १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी 'स्थिर स्थिती' सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्याच वर्षी राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी वेगळेच गणित केले. विश्वाचा आरंभ अतितप्त अवस्थेतून झाला असेल, तर त्या उष्णतेचा अवशेष आज सुमारे ५ केल्विन असावा. या भाकिताकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

३/ १९३८ मध्ये जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले आणि हॉइल यांचे विद्यार्थी झाले. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. भारतात त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला आणि १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

४/ याच सुमारास न्यू जर्सीतील होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनाशी झगडत होते. २० फूट तोंडाचा हा अँटेना मुळात 'एको' या फुग्यासारख्या उपग्रहावरून परावर्तित होणारे संदेश टिपण्यासाठी बांधला होता. तो आता रेडिओ खगोलशास्त्रासाठी वापरायचा होता.

५/ रेडिओ अभियंते गोंगाटाची तीव्रता तापमानात सांगतात. ४०८० मेगाहर्ट्झवर (तरंगलांबी ७.३५ सेंटिमीटर) काम करणारा त्यांचा ग्राहक आळीपाळीने दोन गोष्टी 'ऐकत' असे : एकदा आकाश आणि एकदा द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड ठेवलेला संदर्भस्रोत. ज्ञात तापमानाशी अशी तुलना केल्यामुळेच इतका क्षीण संकेत विश्वासाने मोजता आला.

६/ मग उरली साधी वजाबाकी. थेट माथ्यावरच्या आकाशाकडे रोखलेल्या अँटेनाचे तापमान ६.७ केल्विन भरले. त्यातले २.३ पृथ्वीच्या वातावरणाचे आणि ०.९ खुद्द अँटेनाचे व जमिनीकडून शिरणाऱ्या प्रारणाचे. बाकी ३.५. या आकड्यातील संभाव्य चूक होती एक केल्विन वर किंवा खाली.

७/ ही बाकी काही केल्या जाईना. अँटेनात मुक्कामाला आलेली कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा साफ केली, पत्र्यांच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. दिशा बदलली, ऋतू बदलले. गोंगाट तसाच राहिला.

८/ उलगडा शेजारच्या प्रिन्स्टनमधून झाला. रॉबर्ट डिकी यांचा गट याच अवशेषाच्या शोधात उपकरण उभारत होता. जुलै १९६५ मध्ये दोन टिपणे एकत्र प्रसिद्ध झाली. पेन्झियस आणि विल्सन यांनी केवळ मोजमाप दिले. विश्वोत्पत्तीचा अर्थ डिकी यांच्या गटाने लावला. गंमत अशी की विल्सन यांचा स्वतःचा ओढा तोवर स्थिर स्थितीकडेच होता.

९/ नारळीकरांनी मोजमाप नाकारले नाही. त्यांचा आक्षेप अर्थाला होता. एका तरंगलांबीवर मिळालेले तापमान म्हणजे विश्वाचा जन्मदाखला नव्हे. १९६७ मध्ये चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीच्या चौकटीत या प्रारणाचा उगम कसा सांगता येईल, याचा विचार मांडला. निर्णायक कसोटी होती वर्णपटाची : सर्व तरंगलांबींवर प्रारण एकाच तापमानाच्या कृष्णिकेसारखे आहे काय?

१०/ पृथ्वीचे वातावरण यातील बऱ्याच तरंगलांबी अडवते, म्हणून उत्तरासाठी अवकाशात जावे लागले. नोव्हेंबर १९८९ मध्ये 'कोबे' उपग्रह गेला. जानेवारी १९९० मध्ये त्याचा पहिला वर्णपट दाखवला गेला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. कृष्णिकेचा वक्र जवळपास अचूक जुळला होता. १९९२ मध्ये याच उपग्रहाने तापमानातील सुमारे लाखात एक इतके सूक्ष्म चढउतारही टिपले.

११/ नारळीकर तरीही थांबले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी 'अर्ध-स्थिर स्थिती' सिद्धान्त मांडला. जुन्या ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातील लोहाच्या अतिसूक्ष्म सुया शोषून घेतात आणि तीच ऊर्जा सूक्ष्मलहरींच्या रूपाने बाहेर टाकतात, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही. पुढच्या मोजमापांनीही महास्फोटाच्या चित्रालाच बळ दिले.

१२/ पण याच काळात पुण्यात आणखी काही घडत होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका'चे नारळीकर संस्थापक संचालक होते. ज्या प्रारणाने त्यांच्या सिद्धान्ताला मागे सारले, त्याच प्रारणाचा प्रचलित चौकटीतला अभ्यास त्यांच्याच संस्थेत रुजला. तरुण सौरदीप यांनी तेथेच पीएच.डी. केली, पुढे तेथे या विषयाचा संशोधनगट उभा केला आणि युरोपच्या 'प्लँक' मोहिमेतही भाग घेतला. संचालकाशी सहमत असणे ही आयुकात प्रवेशाची अट नव्हती.

१३/ आज या प्रारणाचे तापमान २.७२५ केल्विन मानले जाते. होल्मडेलच्या त्या पहिल्या आकड्याच्या चूक-मर्यादेतच ते बसते. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. महास्फोटाविषयीचा त्यांचा संशय अखेरपर्यंत कायम होता. आणि त्या संशयाविरुद्ध पुरावे गोळा करणाऱ्यांसाठी त्यांनी उभारलेली संस्था आजही चालू आहे.