एक कोटी पौंडांची मोटार आणि ‘मूळ’ या शब्दाची किंमत

(धागा)

१) १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण दावा आला. १९२९ आणि १९३० साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली मोटार ती हीच काय, याचा निवाडा न्यायमूर्तींना करायचा होता. ‘होय’ म्हटले तर तिची किंमत एक कोटी पौंड. ‘नाही’ म्हटले तर ती एक देखणी, जुनी बेंटली, इतकेच. जुन्या स्पोर्ट्स कारच्या जीर्णोद्धारावर लोक एवढा पैसा का ओततात आणि त्यातून नेमके काय वाचते, हे समजून घ्यायला हा खटला फार उपयोगी आहे.

२) आधी थोडी पार्श्वभूमी. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली आपली कंपनी स्थापन केली. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या घराण्याचा वारस वुल्फ बार्नाटो पुढे तिचा अध्यक्ष झाला. भांडवलही त्याचेच आणि शर्यतीत चक्रावर हातही त्याचाच. साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’ घेऊन त्याने १९२९ मध्ये टिम बर्किनसह आणि १९३० मध्ये ग्लेन किड्स्टनसह ल मान्स जिंकली. १९२९ साली तर पहिले चारही क्रमांक बेंटलींनी पटकावले. या दुहेरी विजेत्या गाडीचे नाव पडले ‘ओल्ड नंबर वन’.

३) शर्यतीची मोटार ही संग्रहालयातील मूर्ती नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती खोलली जाते, झिजलेले फेकले जाते, नवे बसवले जाते. ओल्ड नंबर वनचेही तेच झाले. १९३१ साली तिने ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवले होते. त्या दिवशी चालक क्लाइव्ह डन्फी याचा ताबा सुटला, गाडी उंच बांधाच्या कडेवरून पलीकडे गेली आणि डन्फी मरण पावला.

४) तोवर बेंटली कंपनी बुडून रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली होती. अपघातात मोडलेली गाडी मात्र भंगारात गेली नाही. बार्नाटोने ती पुन्हा उभी केली, आणि तीही शर्यतीसाठी नव्हे, तर रस्त्यावर फिरण्यासाठी. बंद छपराची कूपे म्हणून. अनेक दशकांनंतर तिला पुन्हा ल मान्सच्या काळातील उघडे रूप देण्यात आले. म्हणजे एकाच गाडीला इतिहासात निदान तीन देह लाभले.

५) १९८०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या मोटारींचा बाजार उधाणला होता. एन्झो फेरारी १९८८ साली निवर्तले आणि भाव आणखी चढले. अशा हवेत एप्रिल १९९० मध्ये ओल्ड नंबर वनचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. मग खरेदीदार कंपनीने पाऊल मागे घेतले. तिचे म्हणणे असे: आम्ही ल मान्स जिंकलेली गाडी घेत होतो, ही ती नव्हेच. मालकाने करार पुरा करून मागण्यासाठी दावा लावला. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार’ या नावाने तो ओळखला जातो.

६) साक्षीपुराव्यात एक गोष्ट लपण्यासारखी नव्हती. १९२९च्या दिवशी ल मान्सच्या रेषेवर उभ्या असलेल्या गाडीतले फारच थोडे धातू आता शिल्लक होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण थीसियसच्या जहाजाचा प्रश्न शिकतो: एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी एकही जुनी उरली नाही, तर जहाज तेच का? अथेन्सच्या लोकांचा हा वाद प्लूटार्कने नोंदवून ठेवला आहे. येथे त्याच प्रश्नाला किमतीची चिठ्ठी लागली होती.

७) आपल्याकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, तेही एका शब्दात: जीर्णोद्धार. मंदिराचे दगड बदलतात, शिखर नव्याने चढते, सभामंडप दुसऱ्या शतकातला असतो. तरी गावाच्या लेखी देऊळ तेच राहते, कारण पूजा खंडली नाही. देवळाची ओळख दगडात जितकी असते तितकीच त्या सातत्यात असते. इंग्रज न्यायमूर्तींना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांचा निकाल याच दिशेने गेला.

८) न्यायमूर्ती ऑटन यांनी शब्द तोलून वापरले. ही गाडी ‘मूळ’ नाही, हे त्यांनी मान्य केले. तिचे भाग एका दिवशी एकत्र जोडलेले नाहीत. पण ती मृत गाडीच्या नावावर नंतर कुणी घडवलेली नवी वस्तूही नाही. नवे भाग सतत येत गेले आणि मुरत गेले. तिची ओळख एकदाही तुटली नाही. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. म्हणून ती ‘अस्सल’. मालक जिंकला.

९) निकालाचा गाभा इतिहासाच्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. विक्रीला जे होते ते केवळ धातू नव्हते. त्या धातूबरोबर तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही विकली जात होती. जुन्या मोटारींच्या किमतीचे सारे कोडे येथे उलगडते. कारागीर दुरुस्त करतो ते धातूला. बाजार पैसे मोजतो ते इतिहासाला. या दोहोंचा मेळ नेहमी बसतोच असे नाही.

१०) आधी धातूचा खर्च पाहू. पूर्ण जीर्णोद्धार म्हणजे गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करणे. रंग उतरवला की आतला गंज दिसतो, आणि तो अंदाजापेक्षा नेहमी जास्तच निघतो. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, इंजिन नव्याने बांधायचे, क्रोमचा मुलामा, चामड्याचे काम, तारांचे जाळे. बाजारात सुटे भाग मिळत नसतील तर एकेक भाग घडवून घ्यायचा. यातले बहुतेक काम यंत्र करत नाही. ते हात करतात, आणि असे हात थोडे उरले आहेत.

११) इटलीचे उदाहरण घ्या. फेरारी २५० जीटीओच्या बॉड्या मोडेना येथील स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून घडवल्या जात. त्यामुळे दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसेलच याची खात्री नाही. दुरुस्ती करणाऱ्याला साठ वर्षांपूर्वीच्या कारागिराची हाताची सवय ओळखून तशीच ठोक द्यावी लागते. खर्च होतो तो मुख्यतः या वेळेचा.

१२) आता आकडे. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली ब्रिटनमध्ये सुमारे २,१०० पौंडांना मिळे. २०१७ साली जॅग्वारच्याच क्लासिक विभागाने जुन्या ई-टाइप नव्यासारख्या करून विकायला काढल्या. किंमत २,८५,००० पौंडांपासून पुढे. हे झाले नामांकित गाडीचे. साध्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत जीर्णोद्धाराचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा सहज वर जातो. फायद्यासाठी हे काम हाती घेणारा बहुधा फसतो. प्रेमापोटी घेणारा निदान फसत तरी नाही.

१३) कारण इतिहासाचे मोल मेहनतीच्या प्रमाणात वाढत नाही. २५० जीटीओ अवघ्या ३६ बनल्या, १९६२ ते १९६४ या काळात. त्यांपैकी एक अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका शाळेला भेट मिळाली. मुले तिच्यावर मोटारदुरुस्ती शिकत. १९७२ साली शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली. २०१८ साली याच जातीची दुसरी एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मधल्या काळात पत्रा तोच राहिला. बदलली ती आपली नजर.

१४) किंमत एवढी चढली की तिची एक काळी बाजूही उघडी पडली. फेरारीने त्याच कुटुंबातली चार आसनांची २५० जीटीई नऊशेहून अधिक संख्येने बनवली होती. तिला फारसा मान नव्हता. म्हणून अनेक अस्सल जीटीई कापल्या गेल्या आणि त्यांच्या सांगाड्यांवर व इंजिनांवर जीटीओसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. एका इतिहासाचे सोंग घेण्यासाठी दुसरा खरा इतिहास खर्ची पडला.

१५) त्यामुळे या क्षेत्राला आपोआप साधनचिकित्सेकडे वळावे लागले. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कारखान्याच्या नोंदवह्या, शर्यतीची छायाचित्रे, मालकांची अखंड परंपरा. हे सारे एकमेकांशी जुळवून पाहिले जाते. फेरारीने २००६ साली यासाठी स्वतंत्र विभागच काढला. तो गाडी तपासून अस्सलतेचे प्रमाणपत्र देतो. बखरीतले विधान समकालीन पत्राशी ताडून पाहणे आणि हे काम, यांत पद्धतीचा फरक फारसा नाही.

१६) मग २०१४ साली पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतवाडीवर सुमारे साठ मोटारी सापडल्या. रॉजे बायों या वाहतूक व्यावसायिकाने संग्रहालयाच्या स्वप्नापायी त्या जमवल्या होत्या. १९७०च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकल्या गेल्या, उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली गंजत राहिल्या. त्यांतच जुन्या मासिकांच्या ढिगाखाली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर होती. एकेकाळी ती अभिनेता आलँ दलों याच्याकडे होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली.

१७) ‘धुळीसकट’ हा शब्द येथे महत्त्वाचा. न दुरुस्त केलेली गाडी ही न पुसलेली पाटी असते. कारखान्यातला पहिला रंग, वेल्डिंगची धांदल, चामड्यावरच्या बसणाऱ्याच्या खुणा. जीर्णोद्धार हे सगळे एकदाच आणि कायमचे पुसतो. चकाकी पैसे टाकून पुन्हा आणता येते. पहिला थर पुन्हा आणता येत नाही.

१८) याचे टोक पाहायचे असेल तर १९२५च्या एका बुगाटी ब्रेशियाची कथा पाहा. सीमाशुल्क न भरल्यामुळे १९३०च्या दशकात ती स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे सरोवरात साखळीने सोडण्यात आली. साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नासेक मीटर खोल तळाशी गेली. २००९ साली स्थानिक पाणबुड्यांनी ती वर काढली. मारहाणीत मेलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ चाललेल्या संस्थेला निधी मिळावा म्हणून. पुढच्या वर्षी ते अर्धे कुजलेले लोखंड २,६०,५०० युरोंना विकले गेले. कॅलिफोर्नियातील संग्रहालयाने ते तसेच मांडले. तिचा जीर्णोद्धार केला असता तर सरोवराचा इतिहास संपला असता.

१९) ऐतिहासिक वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिनची सनद स्वीकारली. तिच्यामागे वास्तूंसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेची प्रेरणा आहे. सार असे: आधी जतन, अगदीच गरज पडली तर जीर्णोद्धार, आणि नवे बसवलेले ओळखू यावे. मोडी कागदांचे जतन करणाराही हेच करतो. कसरीने खाल्लेल्या कडेला तो पाठीमागून पातळ कागदाचा आधार देतो, पण गेलेली अक्षरे स्वतःच्या हाताने लिहीत नाही.

२०) तरीही गंजाची पूजा करण्यात अर्थ नाही. कागद न वाचताही कागद राहतो. मोटार मात्र चालली नाही तर निम्मी नाहीशी होते. इंजिनाचा आवाज, गिअरचा ठोका, वळणावरचा तोल, हाही पुरावाच आहे, आणि तो चालत्या यंत्रातच सापडतो. शिवाय पत्रा ठोकणारा हात काम मिळाले तरच पुढच्या हाताला विद्या देतो. जीर्णोद्धारावर खर्च झालेला पैसा गाडीतून परत आला नाही, तरी तो त्या हातांत काही काळ शिल्लक राहतो.

२१) म्हणून पुन्हा ओल्ड नंबर वन. निकालानंतर जुन्या मोटारींचा बाजार कोसळला आणि एक कोटी हा आकडा काही काळ स्वप्नवत वाटू लागला. निकाल मात्र टिकला, कारण तो किमतीविषयी नव्हताच. तो सांगतो की वस्तू बदलली तरी चालेल, पण बदलाची नोंद तुटता कामा नये. पुढच्या वेळी डागडुजी केलेल्या एखाद्या किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहाल तेव्हा ‘हे मूळ आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. काय बदलले, कधी, कुणी, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे, हे विचारा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरेही फार दिवस राहणार नाहीत.

(धागा समाप्त)