फुलांच्या घराण्यांतील थोरली पाती

आपल्याकडील एखाद्या जुन्या घराण्याचा कुलवृत्तांत चाळला म्हणजे प्रारंभीं मूळपुरुषाचें नांव, मग त्याचे पुत्र, मग थोरली पाती, धाकटी पाती असा शाखांचा विस्तार दिसतो. कागदपत्रें शाबूत असतील तर हें काम फारसें अवघड नाहीं. परंतु ज्या घराण्यांत सुमारें ३ लक्ष जाती नांदत आहेत, ज्याचा मूळपुरुष निदान १३ कोटि वर्षांपूर्वीं होऊन गेला, आणि ज्याच्या दप्तराचीं पहिलीं पानें बहुतेक गहाळ झालेलीं आहेत, त्याचा वृत्तांत कसा लिहावा? सपुष्प वनस्पतींच्या बाबतींत शास्त्रज्ञांपुढें हाच प्रश्न आहे. या घराण्याची थोरली पाती कोणती, याविषयींचें त्यांचें मत कसें व कां बदलत गेलें, तें आज पाहूं.

१७३५ सालीं स्वीडनच्या लिनीअसनें फुलांतील पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. रीति सोयीची होती. परंतु घरांतील माणसांची उंचीप्रमाणें रांग लावावी तसा तो प्रकार होता. रांग नीट लागे, पण कोण कोणाचा भाऊ हें कळत नसे. पॅरिसच्या जुस्यूनें १७८९ त अनेक लक्षणें एकत्र विचारांत घेऊन कुलें ठरविलीं. बेंथॅम व हूकर या इंग्रज पंडितांनीं १८६२ ते १८८३ या काळांत तोच मार्ग पुढें नेला. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर कुक यांनीं लिहिलेला ग्रंथ त्यांच्याच पद्धतीला अनुसरून रचलेला आहे. मोरवेल व चाफा यांच्या कुलांपासून या पद्धतीचा आरंभ होतो. मात्र आपला क्रम हा वंशक्रम आहे, असा तिच्या कर्त्यांचा दावा नव्हता.

वंशाचा प्रश्न उपस्थित केला तो डार्विननें. त्याच्या १८५९ च्या ग्रंथानंतर वर्गीकरण म्हणजे नुसती सोयीची मांडणी राहिली नाहीं. ती वंशावळ झाली पाहिजे, असें शास्त्रज्ञांना वाटूं लागलें. पण खुद्द डार्विनलाच या घराण्यानें पेंचांत टाकलें होतें. सपुष्प वनस्पती भूस्तरांत जणूं एकाएकीं उगवतात आणि पाहतां पाहतां सर्वत्र पसरतात, या गूढाविषयींचा आपला वैताग त्यानें १८७९ सालीं हूकरला लिहिलेल्या पत्रांत व्यक्त केला आहे.

पुढें दोन पक्ष पडले. बर्लिनचे एंग्लर यांच्या पद्धतीचा रोख असा कीं, जें साधें तें जुनें. ओक, अक्रोड, किंवा आपल्या समुद्रकिनाऱ्यावरील सुरू, यांचीं फुलें अगदीं साधीं असतात. पाकळ्या नाहींत, नर व मादी फुलें वेगवेगळीं, आणि परागांचें वहन वाऱ्यावर. म्हणून द्विदल वनस्पतींच्या मांडणींत त्यांनीं सुरूला अग्रस्थान दिलें. दुसऱ्या पक्षांत अमेरिकेंतील बेसी व इंग्लंडांतील हचिन्सन हे प्रमुख होत. त्यांचें म्हणणें असें कीं, साधेपणा दोन प्रकारचा असतो. एकमजली घर मुळांतच एकमजली असेल, किंवा तीन मजल्यांच्या वाड्याचे वरचे दोन मजले पडून तें तसें झालें असेल. सुरूच्या फुलाचा साधेपणा या दुसऱ्या जातीचा आहे. पाकळ्या होत्या, त्या गेल्या.

मग जुनें फूल कसें असेल? या पक्षानें बोट दाखविलें तें चाफ्याच्या कुलाकडे. सोनचाफ्याच्या पाकळ्या हलकेच काढून पाहाव्या. मधल्या दांड्याभोंवतीं असंख्य पुंकेसर मळसूत्राप्रमाणें लागलेले दिसतात. त्यांच्यावर स्त्रीकेसर, तेहि प्रत्येक सुटा. कांहींच एकमेकांस चिकटलेलें नाहीं. १९४२ सालीं फिजी बेटांतील डिजेनेरिया या वृक्षाचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचे पुंकेसर पानासारखे पसरट, आणि स्त्रीकेसर म्हणजे जणूं मधोमध दुमडलेलें, पण कडा पुरत्या न जुळलेलें पान. चाफ्याच्या पक्षाला हा मोठाच पुरावा वाटला. १९८१ सालीं अमेरिकेच्या क्रॉनक्विस्टनें मांडलेल्या पद्धतींतहि अग्रपूजेचा मान चाफ्याच्याच गणाला मिळाला.

परंतु याच सुमारास पुराव्याचें स्वरूप पालटलें. वनस्पतीच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यांत अक्षरांसारखी एक ठराविक जुळणी असते. पिढ्यांमागून पिढ्या तिच्यांत बारीक फरक पडत जातात. दोन हस्तलिखितांतील समान पाठभेदांवरून त्यांची मूळ प्रत एक होती असें संशोधक ठरवितो, तसेंच हें आहे. १९९३ त सुमारें ५०० जातींची या दृष्टीनें तुलना झाली आणि १९९९ त अनेक संशोधकसंघ स्वतंत्रपणें एकाच निष्कर्षाला पोंचले. थोरली पाती चाफ्याची नव्हे! पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलिडोनिया बेटावर अँबोरेला नांवाचें एक झुडूप आहे. फुलें फिकट व इवलीं, लांकडांत पाणी वाहणाऱ्या रुंद नलिका नाहींत. सर्वांच्या आधीं विभक्त झालेली पाती तीच. तिच्यामागून कुमुदांची, आणि तिच्यामागून आपल्या मसाल्यांतील चक्रीफुलाची. चाफा, सीताफळ, मिरी, दालचिनी व जायफळ मिळून एक निराळी शाखा होते. सुरू तर बराच अलीकडचा, गुलाब व भोपळा यांच्या नात्यांतला निघाला. आणि ज्या कमळाला आपण कुमुदाचें भावंड समजत आलों, तें त्याचें कोणी जवळचें नव्हेच! पाण्यांत राहून दोघांची चर्या तेवढी सारखी झाली. द्विदल व एकदल हा सर्व वनस्पतींचा जुना दुभागहि टिकला नाहीं. कारण या ज्येष्ठ पाती द्विदल असूनहि इतर द्विदलांच्या खास आप्त नाहींत.

या शोधाचा एक धागा थेट कोंकणांत येतो. जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यांत साचणाऱ्या डबक्यांत एक गवतासारखी इवलीशी वनस्पति उगवते. १९९४ सालीं यादव व जनार्थनम् या संशोधकांनीं तिला ट्रायथुरिया कोंकणेन्सिस असें नांव दिलें. हें कुल तोंवर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपुरतेंच ठाऊक होतें, आणि सर्वत्र त्याची गणना गवताच्या आप्तांत होत असे. २००७ सालीं आनुवंशिक पुराव्यानें सिद्ध झालें कीं, तें गवताच्या नव्हे, कुमुदाच्या पातींतलें आहे. पायाखालीं सहज चुरडून जाणारें तें रोप फुलांच्या अतिज्येष्ठ शाखेचें वारस ठरलें.

येथें एक समजूत मात्र दूर केली पाहिजे. थोरल्या पातीचा आजचा वारस म्हणजे मूळपुरुष नव्हे. धाकट्या पातीइतकींच वर्षें त्याच्याहि घराण्यानें काढलीं आहेत, आणि त्या काळांत तोहि बदलला आहे. अँबोरेलाचीं नर व मादी झाडें वेगवेगळीं असतात. परंतु २०१७ सालीं शेंकडों जातींच्या फुलांची तुलना करून आद्य फुलाचें जें अनुमान बांधण्यांत आलें, त्यांत पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच फुलांत आहेत. चाफ्याचे सुटे अवयव जुने असतील, पण म्हणून चाफा जुना होत नाहीं. ‘आद्य’ हें विशेषण लक्षणाला लागतें, वनस्पतीला नव्हे. दोनशें वर्षांच्या या वादाचें सार एवढेंच कीं, चेहऱ्यावरून वय ओळखतां येत नाहीं आणि साधेपणावरून वडीलपण ठरत नाहीं.

म्हणूनच कोणत्याहि जागेला ओसाड म्हणतांना जपून बोलावें. कोंकणचे सडे चिऱ्यांसाठीं खणले जातात, बागांसाठीं सपाट केले जातात. कारण पावसाळा सरला कीं तेथें कांहीं आहे असें दिसत नाहीं. पण कुलवृत्तांतांतील एखादें पान तेथेंच, त्या उथळ डबक्यांत, दरवर्षीं चार महिने उघडें असतें. तें फाटलें तर त्याची दुसरी प्रत कोठून आणावयाची?