निर्णय-सहाय्य प्रणाली : कारखान्याच्या संगणकात कोणाची नोंद असते?

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्याचे गाव, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, गुजरातच्या हद्दीजवळ. या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. कोणत्या फडात तोड कधी पडणार, टोळी कुठे हलवायची, हे ठरवण्याच्या कामात आता मुकादम आणि शेतकी खात्याबरोबर संगणकही आला आहे. ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरकडून हे काम होते त्याला निर्णय-सहाय्य प्रणाली म्हणतात. आपल्या तरुणांपैकी अनेक जण संगणकाचे शिक्षण घेतात. त्यांनी हा विषय कामगाराच्या बाजूनेही समजून घ्यावा, म्हणून ही माहिती.

हिशेबाचे सॉफ्टवेअर झालेला व्यवहार नोंदवते. निर्णय-सहाय्य प्रणाली त्यापुढे जाऊन 'असे केले तर काय होईल' याचे पर्याय मांडते. निर्णय मात्र माणसानेच घ्यायचा असतो. ही संज्ञा 1971 मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांच्या लेखातून रूढ झाली. अशा प्रणालीत साधारण तीन भाग असतात : माहितीचा साठा, हिशेब मांडणारे गणित आणि वापरणाऱ्याला दिसणारा पडदा. दुकानदाराला बाजारातले तयार सॉफ्टवेअर पुरते. पण ज्या धंद्याची अडचण वेगळी, त्याला ते बेतून घ्यावे लागते. साखर कारखाना हे त्याचे चांगले उदाहरण.

तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो तितकी त्यातली साखर घटते, म्हणून तो शक्यतो 24 तासांच्या आत गाळावा लागतो. आधी जास्त तोडला तर गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागते, वजन आणि उतारा दोन्ही जातात. कमी तोडला तर कारखाना 'नो केन'मध्ये उभा राहतो. शिवाय आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांच्या पक्वतेच्या वेळा वेगळ्या. हजारो सभासदांच्या लागणीच्या तारखा, जाती, अंतर, गाड्या आणि टोळ्या यांचा मेळ वहीवर घालता येतो, पण मग कोणाची तोड आधी लागली याचे उत्तर पुष्कळदा ओळखीपाशी येऊन थांबते. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे : क्रम का बदलला हे नोंदीतून विचारता येते.

महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग वारणानगरचा. 1998 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने कोल्हापूर-सांगलीतील वारणा परिसराच्या 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे बसली. बाजारभाव, शेतीसल्ला असे बरेच काही योजले होते. प्रत्यक्षात केंद्रे मुख्यतः ऊसतोडीची परवानगी, उसाचे वजन, खताची उचल अशा रोजच्या कामांसाठी वापरली गेली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते काम त्यावरही भागले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधी लोक नेमके काय विचारायला येतात ते पाहावे, एवढे तरी वारणेवरून घ्यावे.

पण वारणेची ही केंद्रे शेतकरी सभासदासाठी होती. ऊस तोडणाऱ्याचे काय? ऊसतोडीत 'कोयता' हे मोजमाप आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. मजुरी टनावर, तीही जोडीची. नोंदीच्या तक्त्यात कोयत्यासाठी एकच ओळ असेल आणि तीत पुरुषाचे नाव लिहिले असेल, तर त्या बाईचे काम संगणकापुरते झालेलेच नाही. अपघात झाला, बाळंतपण आले, तर पुरावा कोणता दाखवायचा? गणित कितीही अचूक असो, तक्त्यातच जो रकाना नाही त्याचा विचार प्रणाली करू शकत नाही. आणि रकाने कोणते ठेवायचे, हे काम देणारा ठरवतो.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या 1979 च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर आणि केलेली कपात त्यात लिहायची होती. म्हणजे कामगाराच्या हातात राहणारी माहिती प्रणाली कागदावर तेव्हाच आखलेली होती.

तीच गावातून सुरू करता येते. त्यासाठी मोठे सॉफ्टवेअर नको. मोबाइलवरचा एक साधा तक्ता पुरे. टोळी निघण्याआधी बाई-पुरुष दोघांची वेगवेगळी नावे, मुकादम, घेतलेली उचल, कारखाना, ठरलेला टनाचा दर आणि निघाल्याची तारीख लिहावी. फडावरून रोजच्या वजनाच्या पावतीचा फोटो मागवावा. हंगाम संपल्यावर टन गुणिले दर, वजा उचल, एवढे गणित मांडले की मुकादमाचा हिशेब त्याशेजारी ठेवता येतो. तीन-चार हंगामांची नोंद साठली, तर कोणत्या मुकादमाकडे पैसे राहतात हे उचल घेण्याआधीच टोळीला दिसेल. मात्र हा तक्ता कोणाच्या मोबाइलमध्ये राहणार आणि कोणाला दिसणार, हे टोळीतल्या बायकांना विचारून ठरवावे. उचलीचा आकडा ही घरातली गोष्ट आहे, ती परस्पर चव्हाट्यावर जाऊ नये.